हृदयाच्या झडपांचा स्लाइड-संच: रंगकाम उत्तम, लेबले अपुरी

ऊतकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी मानवी हृदयाच्या झडपांच्या आठ तयार स्लाइडांचा एक संच मी नुकताच मागवला. एरवीच्या संचांत झडपेच्या वाट्याला हेमॅटॉक्सिलिन-इओसिनची (नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगकामाची) एखादीच स्लाइड येते आणि तिच्यात विद्यार्थ्याला एक फिकट गुलाबी पट्टी तेवढी दिसते. येथे मात्र महाधमनी झडपेच्या एकाच पाकळीचे लागोपाठचे छेद तीन पद्धतींनी रंगवलेले आहेत, आणि संच घ्यावा तो याचसाठी.

त्यांतली मोव्हॅट पेंटाक्रोमची, म्हणजे ऊतकाच्या निरनिराळ्या घटकांना निरनिराळे रंग देणाऱ्या पद्धतीची, स्लाइड अप्रतिम आहे. पाकळीची जाडी १ मिलिमीटरही भरत नाही, पण तेवढ्यात तीन थर स्वच्छ वेगळे दिसतात: महाधमनीच्या बाजूला कोलॅजेनने (चिवट प्रथिन-तंतूंनी) गच्च भरलेला पिवळा फायब्रोसा, मध्ये प्रोटिओग्लायकनांमुळे (साखरेच्या साखळ्या जोडलेल्या प्रथिनांमुळे) निळसर हिरवा दिसणारा सैल स्पाँजिओसा, आणि निलयाच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) बाजूला काळ्या, लवचीक इलॅस्टिन तंतूंचा व्हेंट्रिक्युलॅरिस. फायब्रोसाचा पृष्ठभाग चुण्या पडल्यासारखा नागमोडी आहे. झडप मिटून पाकळीवर रक्ताचा दाब आला की याच चुण्या उलगडतात, हे स्लाइड दाखवतच समजावता येते.

तक्रार आहे ती लेबलांची. छेद कोणत्या दिशेने घेतला आणि निलयाची बाजू कोणती, याचा उल्लेख एकाही स्लाइडवर नाही. फायब्रोसातील कोलॅजेनच्या जुड्या पाकळीच्या रुंदीला धरून आडव्या धावतात आणि व्हेंट्रिक्युलॅरिसमधील इलॅस्टिन बुडाकडून मोकळ्या कडेकडे जाते. त्यामुळे पाकळी उभी कापली, तर जुड्यांची नुसती टोके दिसतात आणि काळे तंतू लांबच लांब. मी यावरूनच दिशा ताडली, परंतु पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ते कसे ओळखावे? द्विदली झडपेच्या (डावे अलिंद व डावे निलय यांच्यामधल्या झडपेच्या) स्लाइडवर तर घोटाळा हमखास होतो, कारण तेथे फायब्रोसा निलयाच्या बाजूला असतो. ती स्लाइड एरवी चांगली आहे. पाकळीला जोडलेल्या, तिला निलयाकडून धरून ठेवणाऱ्या कंडरारज्जूचा घट्ट कोलॅजेनी गाभाही तीत आला आहे.

हेमॅटॉक्सिलिन-इओसिनचा छेद जाड झाल्याने पेशींची केंद्रके एकमेकांवर चढली आहेत आणि पृष्ठभागावरील अंतःस्तराच्या चपट्या पेशी शोधाव्या लागतात. कॅल्शियम साचलेल्या झडपेचा छेद साठ्याभोवती फाटला आहे; इतक्या कठीण ऊतकात ते व्हायचेच, त्यामुळे त्याचे गुण मी कापत नाही. संधिवाती ज्वराने जाड झालेल्या पाकळीत मात्र जाड भिंतींच्या रक्तवाहिन्या ठळक दिसतात, आणि निरोगी पाकळीत त्या जवळजवळ नसतात हे ठाऊक असलेला विद्यार्थी तेथे आपोआप थांबतो.

लेबलांबद्दल विक्रेत्याला कळवले आहे. तूर्त मी प्रत्येक कव्हरस्लिपवर निलयाच्या बाजूला शाईचा एक ठिपका दिला आहे.