फणसाचं लाकूड: 16 महिने आणि दोन पावसाळ्यांनंतर

एकाच जुन्या फणसाच्या गाभ्यातून तीन वस्तू झाल्या: जेवणाचं टेबल (वरचा पाट 30 इंच रुंद, सव्वा इंच जाड), कपाटाची दारं आणि पश्चिमेकडच्या ओट्यावरचं पॅनेलचं दार. जागा कोकण किनारपट्टी. टेबल आणि कपाट सागाच्या तोडीस तोड उतरलं, ओट्यावरचं दार मात्र चुकलं. दोष लाकडाचा कमी, जागेच्या निवडीचा जास्त.

रंगापासून सुरुवात करू, कारण विचारतात सगळे तेच. ताजा कापलेला गाभा हळदीसारखा पिवळाधमक असतो. उजेड लागला की तो आधी सोनेरी, मग तांबूस आणि पुढे तपकिरी होत जातो. टेबलाचा रंग पहिल्या चार महिन्यांतच ओळखू येईना इतका बदलला. म्हणून नवीन असताना त्यावर टेबलमॅट कायमचा पसरून ठेवू नये. मॅटखालचा चौकोन पिवळा राहतो आणि मॅट उचलल्यावर आजूबाजूच्या रंगात मिसळायला कित्येक आठवडे घेतो. सागाशी जुळावं म्हणून सुरुवातीलाच गडद स्टेन मारणं हा शुद्ध वेडेपणा: वर्षभरात खालचं लाकूड स्वतःच गडद होतं आणि सगळं काळपट दिसायला लागतं.

हा पिवळेपणा पाण्यात सुटतो. आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची चीवरं याच लाकडाच्या रंगात रंगवत, ती उगाच नाही. ओट्यावरच्या दारावर पहिल्या पावसाची झड आली आणि खालच्या पांढऱ्या लाद्यांवर पिवळे ओघळ उतरले. पॉलिश वरून, दोन्ही बाजूंनी होतं. खालची आडवी कड मात्र कोरी राहिली होती. पाणी तिथूनच वर चढलं. जुलैत दार चौकटीला घासू लागलं. उघड्या जागेत फणस वापरायचाच असेल तर दार बसवण्याआधी खालची-वरची कड आणि कुलपाची खाच तीन हात पॉलिश करून घ्यावी, आणि वर किमान दीड-दोन फुटांचा पडवीचा पत्रा असावा. लोखंडी स्क्रूभोवती काळपट हिरवी वर्तुळं उमटली. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच वापरा.

टेबलाचा पाट मे ते ऑगस्टमध्ये रुंदीत साधारण दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फुगतो आणि डिसेंबरनंतर परत बसतो. खालच्या पट्ट्यांतली स्क्रूची भोकं लांबट ठेवल्यामुळे कुठे तडा नाही. पाट पट्ट्यांना गोंदाने चिकटवला असता तर फाटलाच असता. दाराचं पॅनेलही खाचेत कोरडंच, गोंद न लावता सोडायचं, दोन्ही बाजूंना दीड सूत जागा ठेवून.

सुतारकामात फणस सागाहून त्रासदायक नाही, फक्त रेषा उलटसुलट असतात. दर दोन-तीन इंचांवर दिशा बदलते, त्यामुळे बोथट रंध्याने पापुद्रे उपटतात. पातं ताजं धार केलेलं, काप बारीक, रंधा किंचित तिरका धरून. शेवटी स्क्रेपर आणि मग 120, 180, 240 नंबरचा पॉलिश पेपर. ओल्या ओंडक्याचा चीक करवतीवर बसतो, तो केरोसिनच्या बोळ्याने निघतो. धूळ घशाला लागते, मास्क हवाच.

सगळ्यात जास्त नुकसान ओंडका फाडताना होतं. झाड अंगणातलं, म्हणजे त्यात खिळे, तारा, कपडे वाळत घालायचे हूक. फळं खोडालाच लागतात, त्यामुळे देठांच्या जागी गाठी. जुन्या झाडाचं पोट अनेकदा पोकळ. शिवाय सालीलगतचा पांढरा भाग सोडून द्यावा लागतो. निम्मं हाती लागलं तरी चांगलं म्हणायचं. तो पांढरा भाग लोभाने ठेवला की भुंगा ठरलेला: कपाटाच्या मागच्या एका पट्टीत दीड बोट पांढरं राहिलं होतं, सहाव्या महिन्यात तिथे टाचणीएवढी भोकं आणि खाली पीठ. शेजारच्या गाभ्याला एकही भोक नाही. ठेवणं भागच असेल तर फळी ओली असतानाच बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या (1 ला दीड) 5 टक्के द्रावणात बुडवावी. तेही घरातल्या वस्तूंसाठीच, पावसात ते धुऊन जातं.

सुकवण्यात घाई नको. इंचभर जाडीला सावलीत एक वर्ष, मध्ये पट्ट्या देऊन, टोकांना रंग फासून. टोकं उघडी राहिली तर वीतभर चिरा पडतात.

खरेदीआधी एक गोष्ट तपासा. घरच्या परसातला असला तरी फणस 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास न दाखवणाऱ्या वखारीतून स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

ओट्यावरचं दार येत्या उन्हाळ्यात उतरवून आतल्या खोलीला लावायचं आहे. तिथे ते छान चालेल.