बास बोट: आधी तार, मग लिथियम

सेकंडहँड बास बोट, म्हणजे बास मासे पकडण्यासाठी बनवलेली बोट, घेताना इंजिन तपासायला मेकॅनिक मिळतो, ट्रेलरची चाकं कोणीही बघून देतं. मागचा बॅटरीचा कप्पा मात्र नीट उघडून कोणी बघत नाही. आत आधीच्या मालकाच्या तीन-चार बॅटऱ्या, टर्मिनलवर हिरवट थर, आणि एकाच बोल्टखाली कोंबलेल्या सहा-सात तारा. नवा मालक ते बघतो आणि विचारतो, "सगळं काढून लिथियम टाकू का?"

अमेरिकेत राहून बासच्या नादाला लागलेल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न वरचेवर येतो. माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही: पैसे मोजके असतील तर पहिले तारेवर घाला, मग मासे दाखवणाऱ्या स्क्रीनच्या वेगळ्या बॅटरीवर, आणि ट्रोलिंग मोटरचं (मासेमारी करताना बोट हळू हलवणारी विजेची मोटर) लिथियम त्यानंतर. का, ते सांगतो.

बास बोटीवर विजेची तीन कामं असतात आणि तिन्हींचे स्वभाव वेगळे. इंजिन सुरू करायला दोन-तीन सेकंद प्रचंड करंट लागतो, मग काम संपलं. ट्रोलिंग मोटरला दिवसभर, वारा असेल तसा कमी-जास्त, पण भरपूर लागतो. ग्राफ (मासे आणि तळ दाखवणारी स्क्रीन) आणि लाइव्ह सोनार (हलता मासा त्याच क्षणी दाखवणारं) थोडंच खातात, पण त्यांना व्होल्टेज स्थिर हवं. ते घसरलं की स्क्रीन बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि नेमकी मासा समोर दिसत असताना होते. एकाच प्रकारची बॅटरी तिन्ही ठिकाणी टाकली की कुठेतरी पैसे वाया जातात, नाहीतर कुठेतरी काम अडतं.

साधारण १०० ॲम्पिअर-अवरची, म्हणजे सगळे जिला "शंभर एएच" म्हणतात ती १२ व्होल्टची बॅटरी धरून तुलना अशी (पहिल्या दोन्ही शिशाच्या; एजीएम म्हणजे पाणी घालावं न लागणारी, बंद):

| | साधी पाण्याची | एजीएम | लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) |
|---|---|---|---|
| वजन | २५ किलोच्या आसपास | ३० किलोच्या आसपास | १० ते १४ किलो |
| खरी वापरता येणारी वीज | सुमारे ६०० वॅट-अवर | सुमारे ६०० वॅट-अवर | ११०० वॅट-अवरच्या पुढे |
| किंमत, अंदाजे | १०० ते १७० डॉलर | २०० ते ३५० डॉलर | २०० ते ९०० डॉलर |
| देखभाल | डिस्टिल्ड वॉटर, हवा खेळती हवी | जवळजवळ नाही | नाही, पण योग्य चार्जर हवा |
| शून्य अंशाखाली चार्जिंग | चालतं, हळू | चालतं, हळू | करायचं नाही |

दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानात तीच कोणी सांगत नाही. शिशाच्या बॅटरीवर १०० एएच लिहिलेलं असतं ते २० तासांच्या हिशेबाने, म्हणजे ५ ॲम्पिअरने हळूहळू काढली तर. ट्रोलिंग मोटर वाऱ्यात ४०-५० ॲम्पिअर ओढते, तेव्हा तीच बॅटरी बरीच कमी देते. शिवाय अर्ध्याच्या खाली रोज उतरवली तर आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियमला या दोन्ही गोष्टींचा फारसा त्रास नाही. म्हणून एएचची तुलना एएचशी करू नका. ३६ व्होल्टचा ६० एएचचा एकच लिथियम पॅक घ्या: अशा पॅकचं खरं व्होल्टेज ३८.४, गुणिले ६०, म्हणजे सुमारे २३०० वॅट-अवर. तीन १०० एएच एजीएम एकापुढे एक जोडून, त्यातली अर्धीच वीज वापरायची म्हटली तर १८०० हाती लागतात. म्हणजे "साठ"चा पॅक "शंभर"च्या तिघींपेक्षा जास्त चालतो, आणि त्या तिघींचं वजन ९० किलोच्या घरात जातं. मागच्या टोकाचं त्यातलं बरंचसं ओझं कमी झालं की बोट पाण्यावर लवकर उठते, हेही खरं.

मग लिथियमच घ्या, असं मी का म्हणत नाही? ट्रोलिंग मोटरसाठी परवडत असेल तर जरूर घ्या. इंजिनसाठी एजीएमच ठेवा. लिथियम बॅटरीच्या आत सेल सांभाळणारं सर्किट असतं, बीएमएस. त्याला काही खटकलं की ते बॅटरी तोडून टाकतं. इंजिन चालू असताना तसं झालं तर अल्टरनेटरची वीज जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि बाकी इलेक्ट्रॉनिक्सला झटका बसू शकतो. क्रँकिंगसाठीच, म्हणजे इंजिन सुरू करायलाच बनवलेल्या लिथियम बॅटऱ्या मिळतात, पण इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते आधी वाचा. तिथे एजीएम सांगितली असेल तर वॉरंटीचा विषय तिथेच मिटतो. बिल्ज पंप (बोटीत साचलेलं पाणी उपसणारा) आणि लाइव्हवेल पंपही (पकडलेले मासे जिवंत ठेवणाऱ्या टाकीचा) इंजिनच्याच बॅटरीवर राहू द्यात.

साध्या पाण्याच्या बॅटरीला मी कमी लेखत नाही. गावाकडे लोडशेडिंगच्या दिवसांत इन्व्हर्टरची बॅटरी जशी वर्षानुवर्षं चालायची, तशीच हीदेखील चालते, पाणी घालणारं घरात कोणी असेल तर. वर्षातून मोजक्या शनिवारी छोटी ॲल्युमिनियमची बोट काढणाऱ्याने यावरच भागवलं तर मी त्याला शहाणा म्हणेन.

ट्रोलिंग मोटर २४ व्होल्टची की ३६ व्होल्टची? ढोबळ नियम असा: बोट, माणसं आणि सामान मिळून दर १०० पौंड वजनामागे २ पौंड थ्रस्ट, म्हणजे मोटरचा ढकलण्याचा जोर. सतरा-अठरा फुटी ॲल्युमिनियमच्या बोटीला २४ व्होल्टची ८० पौंडवाली पुरून उरते. वीस-एकवीस फुटी फायबरग्लास बोट, दोन माणसं आणि अंगावर येणारा वारा असेल तर ३६ व्होल्ट घ्या. मिन कोटा कंपनीच्या अल्ट्रेक्स मोटरमध्ये ८० पौंड २४ व्होल्टवर आणि ११२ पौंड ३६ वर मिळतात. गार्मिनची फोर्स आणि लोरन्सची घोस्ट दोन्ही व्होल्टेजवर चालतात: फोर्स ८० आणि १०० पौंड, घोस्ट ९७ आणि १२०.

इथे तुमचा तलाव कोणता, हे बोटीच्या लांबीइतकंच महत्त्वाचं. टेक्सासचा लेक फोर्क २७,००० एकरांचा, आणि त्यात धरण भरताना बुडालेली झाडं अजून उभी आहेत. १९९२ मध्ये राज्याचा १८.१८ पौंडांचा विक्रमी लार्जमाउथ बास याच पाण्यातून निघाला. त्या खोडांमधून मोठ्या इंजिनाने फिरणं म्हणजे प्रोपेलरला निमंत्रण, त्यामुळे तिथे ट्रोलिंग मोटर सकाळपासून पाण्यात असते. सॅम रेबर्न किंवा टेक्सोमासारख्या उघड्या, वाऱ्याच्या पाण्यावर स्पॉट-लॉक, म्हणजे जीपीएसवर बोट जागी धरून ठेवणारा विजेचा नांगर, बॅटरी खाऊन टाकतो. लहान, आडोशाच्या तळ्यावर यातलं काहीच लागत नाही.

आता स्क्रीन. गार्मिनचं लाइव्हस्कोप हे लाइव्ह सोनार २०१८ मध्ये आलं आणि बास मासेमारीतला खर्च त्याने बदलून टाकला. आता पुढच्या टोकाला बारा इंची दोन ग्राफ आणि लाइव्ह सोनारचा काळा डबा ही नवशिक्याचीसुद्धा इच्छा असते. हिशेब मांडू. बारा इंची ग्राफ अडीच ॲम्पिअरच्या आसपास खातो, दोन म्हणजे पाच. लाइव्हस्कोपचा डबा साधारण २१ वॅट, म्हणजे पावणेदोन-दोन ॲम्पिअर. एकूण सात. आठ तास पाण्यावर राहिलात तर ५६ एएच. शंभरची एजीएम असेल तर तिची अर्धी वीज दुपारीच संपली. ६० एएचचं लिथियम अगदी काठावर. १०० एएचचं असेल तर संध्याकाळी घरी येईपर्यंत चिंता नाही.

यासाठी वेगळी बॅटरी हवीच. इंजिनच्या बॅटरीवर ग्राफ लावले की प्रत्येक स्टार्टला व्होल्टेज खाली जातं आणि स्क्रीन पुन्हा बूट होते. ट्रोलिंगच्या बॅटऱ्यांमधल्या एकीवरून १२ व्होल्ट काढायची शक्कल त्याहून वाईट: ती एक बॅटरी बाकीच्यांपेक्षा लवकर उतरते, संच असमतोल होतो, आणि मोटरच्या विजेचा गोंगाट सोनारच्या चित्रात रेघा बनून दिसतो.

पण बॅटरी कितीही चांगली असली तरी तिच्यापासून बोटीच्या टोकापर्यंत वीज जाते ती तारेतून. वीस फुटी बोटीत जाऊन-येऊन चाळीस फूट तार होते. कारखान्यातून आलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या तयार जुडग्यात, ती १६ गेजची असेल (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तर हजार फुटांना चार ओहम, म्हणजे आपल्या चाळीस फुटांना ०.१६. सात ॲम्पिअरला १.१ व्होल्ट वाटेतच गेले. अर्धी उतरलेली एजीएम १२.१ दाखवत असेल तर ग्राफला ११ मिळतात; त्यात गंजलेले जोड आणि जुना फ्यूज पॅनेल धरला तर आणखी कमी. बहुतेक ग्राफ दहाच्या आसपास आले की हात वर करतात. तीच तार १० गेजची टाकली तर नुकसान ०.३ व्होल्टवर येतं. कलई केलेली मरीन तार, दोन फ्यूज होल्डर आणि हीट-श्रिंक टर्मिनल मिळून खर्च एका मध्यम एजीएमइतकाही होत नाही.

लिथियमची गंमत अशी की ते खराब तार झाकून टाकतं. दिवसभर १३ व्होल्टच्या आसपास राहिल्यामुळे १.१ व्होल्ट गेले तरी ग्राफला पुरेसं मिळतं. "लिथियम टाकलं आणि सगळं सुरळीत झालं" असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांचं दुखणं मुळात तारेचं असतं. ते दिसेनासं झालं म्हणजे बरं झालं असं नाही; गंजलेला जोड तापतच राहतो.

ग्राफची तार थेट बॅटरीवरून घ्या, बोटीच्या स्विच पॅनेलमधून नको. प्रत्येक उपकरणाला कंपनीने सांगितलेला फ्यूज द्या. ट्रान्सड्यूसरची, म्हणजे पाण्यातल्या सोनारच्या सेन्सरची, केबल ट्रोलिंग मोटरच्या तारेला चिकटून नेऊ नका. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. ट्रोलिंग मोटरला साधारण ६० ॲम्पिअरचा ब्रेकर लागतो, आणि तो बॅटरीजवळ हवा. अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींच्या मानकाचा मूळ नियम बॅटरीपासून ७ इंचांचा आहे. नळीत झाकलेल्या तारेला त्यात सवलत मिळते. पुढच्या टोकाला ब्रेकर बसवून मागची सगळी तार उघडी सोडलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत. लिथियमचा शॉर्टसर्किट करंट पाहता हे धाडस करू नका.

सध्या १६ व्होल्टच्या लिथियमची फॅशन आहे, ग्राफसाठी खास. टोकापर्यंत भरपूर व्होल्टेज पोचतं, हे बरोबर. पण पूर्ण चार्जला ती अठराच्या पुढे जाते. हमिनबर्डचे हेलिक्स २० व्होल्टपर्यंत घेतात, लाइव्हस्कोपचा डबा ३५ पर्यंत, पण लोरन्सच्या एचडीएस लाइव्हची मर्यादा १७ आहे. मॅन्युअलच्या मागच्या पानावरचा आकडा बघितल्याशिवाय ती खरेदी करू नका. जाड तार टाकलेल्या बोटीला तिची गरजही उरत नाही.

ब्रँडचं काय? लाइव्ह सोनार कोणतं हवं ते आधी ठरवा, कारण तो डबा तुम्हाला स्क्रीन बांधून देतो. लाइव्हस्कोपला गार्मिनची स्क्रीन लागते, मेगा लाइव्हला हमिनबर्डची, ॲक्टिव्हटार्गेटला लोरन्सची किंवा त्याच घरातल्या सिमरॅडची. मिन कोटाची मोटर आणि हमिनबर्डचा ग्राफ एकाच मालकाचे असल्याने एकमेकांशी बोलतात: स्क्रीनवरच्या नकाशात बोटाने जागा दाखवा, मोटर तिकडे निघते. लाइव्ह सोनारसाठी गार्मिन आणि नकाशा, साइड इमेजिंगसाठी (बोटीच्या दोन्ही बाजूंचं पाण्याखालचं चित्र) हमिनबर्ड असं मिश्रण बरेच लोक करतात आणि ते उत्तम चालतं. फक्त दोन नेटवर्क, नकाशाची दोन कार्डं, जास्त तारा. पहिल्याच बोटीला मी एकाच घरातलं सगळं घ्यायला सांगेन. आणि स्क्रीनची हाव आवरा: बासमास्टर एलिट सीरिज या व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेने २०२५ पासून व्यावसायिकांनाच एक लाइव्ह ट्रान्सड्यूसर आणि सगळ्या स्क्रीन मिळून ५५ इंच अशी मर्यादा घातली आहे.

डॉलरच्या भाषेत सांगायचं तर हजाराच्या आत: तारा बदला, ग्राफसाठी स्वस्तातलं पण नावाजलेलं १०० एएच लिथियम घ्या, बाकी सगळीकडे एजीएम. दोन-अडीच हजार असतील तर ट्रोलिंगलाही लिथियम. तिथे एकच ३६ व्होल्टचा पॅक की १२ च्या तीन? पॅक सुटसुटीत, तारा कमी. तीन वेगळ्यांमध्ये एक बिघडली तर एकच बदलायची, आणि अडचणीत, बीएमएसने तेवढा करंट जाऊ दिला तर, त्यातल्या एकीची जंपर केबल इंजिनला लावता येते. पॅकने ते होत नाही. मी तीन वेगळ्या घेईन, पण तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या, आणि जोडण्याआधी प्रत्येक पूर्ण चार्ज केलेली.

चार्जर विसरलात तर सगळं फुकट. बोटीत बसवलेल्या जुन्या चार्जरला लिथियमची सेटिंग आहे का बघा. नसेल तर तोही बदलायचा खर्च धरा. चार्जरचा दहा ॲम्पिअरचा एक बँक, म्हणजे एका बॅटरीसाठीचा भाग, १०० एएचचं रिकामं लिथियम दहा तासांत भरतो. शिशाच्या बॅटरीला शेवटचा टप्पा मंद असल्याने त्याहून जास्त लागतात, म्हणजे शनिवारी रात्री उशिरा परतून रविवारी पहाटे पुन्हा निघणाऱ्याला लिथियमचा खरा फायदा इथे आहे. लिथियमची पातळी व्होल्टेजवरून कळत नाही, ते शेवटपर्यंत सपाट असतं आणि मग एकदम बंद. म्हणून ब्लूटूथवाली किंवा शंट मीटर (किती वीज आली-गेली ते मोजणारं) लावलेली घ्या.

मिनेसोटा-मिशिगनकडच्यांसाठी एवढंच: हिवाळ्यात बोट थंड गॅरेजमध्ये राहणार असेल तर एजीएम पूर्ण चार्ज करून ठेवा, आणि लिथियम अर्ध्या चार्जवर ठेवून चार्जरचा प्लग काढून टाका. वसंतात पहिला चार्ज लावण्याआधी बॅटरी शून्याच्या वर आली आहे का ते तपासा. बीएमएसला थंडीतलं चार्जिंग रोखणारी सोय आहे का, हे विकत घेतानाच विचारून घ्या. स्वस्त बॅटरीत ती नसूही शकते.