गादी सरकली की नळी अरुंद झाली?

कंबरेतून कळ निघून पायात उतरली की घरोघरी निदान ठरलेलं: ‘मणक्यात गॅप आलाय.’ एमआरआयच्या रिपोर्टवर मात्र बहुधा दोन वेगळे शब्द दिसतात, डिस्क प्रोलॅप्स किंवा कॅनाल स्टेनोसिस.

पहिल्याला आपण गादी सरकणं म्हणतो. खरं तर गादी जागची हलत नाही. तिचं बाहेरचं कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊन नस दाबतो. बहुतेक वेळा हे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये (रिपोर्टमधलं एल४-एल५) किंवा त्याच्या खाली घडतं. त्रास साधारण तिशी ते पन्नाशीत, बऱ्याचदा एकाच पायात. खाली वाकलं, बराच वेळ बसलं, अगदी शिंकलं तरी कळ जाते.

स्टेनोसिसचं उलट. साठीच्या आसपास मज्जारज्जूची नळी हळूहळू अरुंद होते. चालताना दोन्ही पाय भरून येतात, बसलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. पुढे वाकलं की नळीत थोडी जागा होते, म्हणून भाजीच्या गाडीवर रेलून ढकलत निघालेले आजोबा आरामात लांब जातात आणि ताठ चालताना दर खांबाशी थांबतात. रिपोर्टपेक्षा ही चालच मला जास्त बोलकी वाटते.

गादीचं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय ओसरतं. स्टेनोसिस रेंगाळतो. मात्र लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर दोन्हींत त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.