मुलांना पुण्याला न्यायचं की शाळा गावात उभी करायची?

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. गणपती बोळवून गाव नुकतं झोपलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. घरंच अंगावर आली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्तांची सुमारे १२०० मुलं शिकायला पुण्याला आणली. २००१ मध्ये गुजरातच्या भूकंपानंतर याच संघटनेने उलट वाट धरली: तिथेच ३६८ शाळा बांधून दिल्या.

पुण्याच्या वाटेने मुलाला लगेच छप्पर, जेवण, नियमित वर्ग मिळतात. ज्याचं घरात कुणीच उरलं नाही, त्याच्यासाठी मला तरी हीच वाट बरी वाटते. पण खर्च वर्षानुवर्षं चालतो, देणगीदार मात्र पहिल्या वर्षीच जास्त. शिवाय आई जिवंत असेल तर ती तिकडे पत्र्याच्या शेडमध्ये आणि पोरगं इकडे वसतिगृहात.

गावातल्या शाळेचं तसं नाही. पोर संध्याकाळी घरी येतं, दिवसभर आईला घर सावरायला, मजुरीला जायला मोकळीक मिळते. धाकट्या बहिणीचंही नाव पटावर लागतं. तिला कोण पुण्याला धाडणार होतं? अडचण एकच: इमारत देणगीतून होते, मास्तर सरकारनेच द्यावा लागतो.

माझी देणगी दुसऱ्या वाटेला. अनाथ मुलांचा प्रश्न असेल तरच पहिल्या.