इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक की ओढायचा हँडब्रेक? गाडी ठरवण्याआधी

ऑटोमॅटिक गाडी घेणार असाल आणि रोजचा रस्ता सिग्नलचा, गर्दीचा किंवा घाटाचा असेल, तर इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक (दांड्याऐवजी बटणाने लागणारा हँडब्रेक) असलेली गाडी बिनधास्त घ्या. गाडी मॅन्युअल असेल, किंवा रात्री ती सोसायटीत दुसऱ्याच्या गाडीपुढे आडवी लावावी लागत असेल, तर ओढायचा हँडब्रेकच बरा. ज्यांची गाडी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते, त्यांना थोडा विचार करावा लागेल.

आधी आत काय घडतं ते पाहू. दांडा ओढला की तारेची केबल ताणली जाते आणि मागच्या चाकांचे ब्रेक आवळतात. बटणाच्या प्रकारात मागच्या प्रत्येक कॅलिपरवर (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागावर) एक छोटी मोटर असते. ती स्क्रू फिरवते आणि पॅड डिस्कवर घट्ट दाबले जातात. (काही गाड्यांत मोटर एकच असते आणि ती केबलच ओढते.) हा स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. त्यामुळे उतारावर लावलेल्या गाडीची बॅटरी रात्रीत उतरली, तरी लागलेला ब्रेक लागलेलाच राहतो. ‘बॅटरी गेली की गाडी घरंगळणार’ ही भीती बऱ्याच घरांत बोलून दाखवली जाते, पण तिला आधार नाही.

धरून ठेवण्याच्या ताकदीतही फरक शोधू नका. संयुक्त राष्ट्रांच्या आर १३-एच या वाहन नियमानुसार पार्किंग ब्रेकने पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढ-उतारावर धरून ठेवली पाहिजे, मग तो दांड्याचा असो की बटणाचा. फरक आहे तो हाताच्या जोराचा. त्याच नियमात हाताने ओढायच्या ब्रेकसाठी जोराची मर्यादा ४०० न्यूटन दिली आहे, म्हणजे साधारण ४० किलो वजन उचलण्याइतकी. रोज एवढा जोर लागत नाही, पण केबल सैल झाली असेल आणि चढ तीव्र असेल तर दांडा चांगलाच खेचावा लागतो. मनगट दुखणारे, संधिवात असलेले, वयस्कर चालक तो अर्धवट ओढतात आणि गाडी गिअरच्या भरवशावर उभी राहते. बटण मात्र कुणीही ओढलं तरी ब्रेक तेवढाच आवळतो. घरात आई-वडील गाडी चालवत असतील, तर माझ्या मते हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

घाट आणि ट्रॅफिक

बटणाचा खरा फायदा त्याच्यासोबत येणाऱ्या ऑटो होल्डमध्ये आहे. शनिवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याच्या चढाला गाड्या तुंबल्या की काय होतं, हे पुणे-मुंबई करणाऱ्याला सांगायला नको. दोन गाड्यांची जागा पुढे, मग पुन्हा उभं. ऑटो होल्ड चालू असेल तर ब्रेक दाबून गाडी थांबवायची आणि पाय काढायचा. चाकांवरचा ब्रेक ऑइलचा दाब यंत्रणाच धरून ठेवते, आणि ॲक्सिलरेटरला पाय लागताच तो सुटतो. बराच वेळ तसंच थांबलात, पट्टा काढलात किंवा दार उघडलंत, तर बहुतेक गाड्यांत पार्किंग ब्रेक आपोआप लागतो. ऑटोमॅटिक गाडीत तासभराच्या कोंडीनंतर उजव्या पायाला पडणारा फरक ज्याने अनुभवला, तो दांड्याकडे परत जायला राजी होत नाही.

हिल होल्ड म्हणजे ऑटो होल्ड नव्हे. हिल होल्ड चढावर गाडी दोन-तीन सेकंदच धरतं आणि ते दांड्याचा हँडब्रेक असलेल्या गाड्यांतही मिळतं. शोरूममध्ये या दोन शब्दांची सरमिसळ होते, म्हणून नीट विचारून घ्या.

मॅन्युअल गाडीत मात्र दांड्याची पकड वेगळी आहे. वरंधा किंवा चोर्ला घाटातल्या वळणावर, मागे एसटी चिकटलेली असताना, हाफ क्लचवर गाडीने जोर धरला की दांडा हळूहळू खाली सोडायचा, ही सवय हातात मुरलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या परवाना चाचणीतही चढावर थांबून गाडी मागे न येता पुन्हा निघणं येतं. बटण एक तर लागलेलं असतं, नाही तर सुटलेलं, मधली पायरी चालकाच्या हातात नाही. मॅन्युअल गाड्यांतही ते क्लचचा अंदाज घेऊन आपोआप सुटतं, पण कधी सुटेल ते गाडी ठरवते. ज्यांना क्लचवर स्वतःचा ताबा हवा असतो, त्यांना हे खटकतं, आणि माझ्या मते रास्तच खटकतं.

‘न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक काढा’

परदेशी परीक्षणांत हा मुद्दा सहसा येत नाही, पण आपल्याकडे निर्णय इथेच फिरू शकतो. मुंबई-पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत, पे अँड पार्कमध्ये, जत्रेच्या मैदानात गाड्या एकापुढे एक लागतात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, म्हणजे वॉचमन ढकलून वाट करून देतो. बटणवाल्या बऱ्याच गाड्या इंजिन बंद करताच ब्रेक स्वतःहून लावतात. तो न लागू देण्याची सोय अनेक मॉडेलमध्ये असते, पण पद्धत प्रत्येकाची निराळी. शिवाय गाडी ऑटोमॅटिक असेल तर ती पी (पार्क) मध्ये अडकलेली असते ते वेगळंच. मग सकाळी सहाला फोन येतो आणि किल्ली घेऊन खाली उतरावं लागतं.

बॅटरी पूर्ण उतरली तर अडचण हीच, पण मोठी. लागलेला ब्रेक सोडायला वीज लागते. जंप स्टार्ट जमलं तर प्रश्न मिटला. नाहीतर मागची चाकं जाम असलेली गाडी ओढत नेता येत नाही, फ्लॅटबेड (गाडी पाठीवर चढवून नेणारी टोइंगची गाडी) बोलवावी लागते. तळघरातल्या पार्किंगमध्ये ती शिरतच नाही.

लहान मुलं आणि आणीबाणी

किल्ली काढलेल्या गाडीतसुद्धा मूल खेळता खेळता दांडा सोडू शकतं. बटण सोडायला इग्निशन चालू आणि ब्रेक पेडलवर पाय लागतो. घराबाहेर उतार असेल तर हा फरक फार मोलाचा आहे.

चालत्या गाडीत पायाचा ब्रेक लागेनासा झाला, तर बटण वर ओढून धरून ठेवायचं, सोडायचं नाही. गाडीची यंत्रणा चाक जाम होऊ न देता वेग उतरवते. दांडा अशा वेळी घाबरून एकदम खेचला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू शकते. दांड्याचं टोक दाबून ठेवून तो टप्प्याटप्प्याने ओढला तर काम होतं, पण तेवढं भान त्या क्षणी कितीजणांना राहील? दांड्याच्या बाजूनेही एक गोष्ट आहे: तो काय करतो हे शेजारी बसलेल्यालाही ठाऊक असतं. बटण घेतलंत, तर घरातल्या प्रत्येकाला ‘ओढून धर’ हे शिकवून ठेवा.

घाट उतरून गाडी उभी केल्यावरचा फरकही सांगायला हवा. तापलेल्या डिस्क थंड होताना आकसतात आणि पकड ढिली होते. अनेक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काही मिनिटांनी पुन्हा आवळून घेतात, गाडीतून तो ‘घुर्र’ आवाज येतो तो त्याचाच. दांडावाल्यांनी डिस्क ब्रेकच्या गाडीत एक खटका जास्त ओढावा आणि गिअर टाकून ठेवावा.

दुरुस्ती

केबल सैल झाली तर गल्लीतला मेकॅनिक नट आवळून देतो. बटणवाल्या गाडीचे मागचे पॅड बदलायचे तर आधी मोटर मागे घ्यावी लागते, त्यासाठी बहुधा गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो. ते न करता क्लॅम्पने पिस्टन दाबला तर मोटर किंवा तिचे गिअर मोडू शकतात, आणि हा भाग केबलपेक्षा कित्येक पटींनी महाग आहे. गाव तालुक्यापासून लांब असेल तर हे गणित मांडाच. कोकणच्या पावसात ओढून ठेवलेला हँडब्रेक आठवडाभराने चिकटतो, केबल गंजते. पॅडही गंजलेल्या डिस्कला चिकटतात, पण गंजायला केबल नाही, हा मोटर-कॅलिपरचा फायदा.

क्रेटा, नेक्सॉन ईव्ही, इनोव्हा हायक्रॉस, सिटी हायब्रिड या गाड्यांत बटण मिळतं, काहींत वरच्या व्हेरिअंटमध्येच. मागे ड्रम ब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत दांडाच आहे. फक्त बटणासाठी व्हेरिअंट वर चढवू नका. सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) खालच्या व्हेरिअंटमध्ये असतील, तर उरलेले पैसे चांगल्या टायरवर घाला. ऑटो होल्ड हवाच असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा टेस्ट ड्राइव्हला गाडी चढावर न्या, ऑटो होल्ड लावून निघून बघा, मग इंजिन बंद करून ‘आता ही न्यूट्रलला ढकलून दाखवा’ असं सेल्समनला सांगा. त्याला जमलं नाही तर बुकिंगच्या आधी गाडीची माहितीपुस्तिका मागवून पार्किंग ब्रेकचं पान वाचा.