नव्या डेंटल क्लिनिकसाठी क्लाउड घ्यावा की स्वतःचा सर्व्हर?

सिंहगड रोडला किंवा बाणेरला गाळा घेतलाय, दोन चेअर बसणार आहेत, इंटिरियरवाला रोज फोन करतोय आणि कॉम्प्युटरच्या कामाची दोन कोटेशनं टेबलावर पडून आहेत. पहिल्यात सगळं क्लाउडवर: सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं, एक लॅपटॉप, एक वाय-फाय राउटर, संपलं. दुसऱ्यात टॉवर सर्व्हर, भिंतीवरचा रॅक, चोवीस पोर्टचा स्विच, सगळीकडे केबल, बॅकअपचा वेगळा डबा आणि वर्षाचं एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. पहिलं वाचून वाटतं, एवढ्यात भागतं कसं? दुसरं वाचून वाटतं, आपण दवाखाना काढतोय की बँकेची शाखा? भारती विद्यापीठ असो की रंगूनवाला, कॉलेजात रूट कॅनाल शिकवतात, कोटेशन वाचायला कोणी शिकवत नाही.

माझं मत आधीच सांगतो. दोन चेअरच्या क्लिनिकला या दोन्ही कोटेशनांतलं अर्धं अर्धं लागतं. अपॉइंटमेंट, बिलं आणि पेशंटची नोंद क्लाउडवर ठेवावी. एक्स-रेच्या इमेज आधी क्लिनिकमधल्या मशीनवर उतराव्यात आणि त्यांची प्रत बाहेर जावी. आणि केबलच्या बाबतीत दुसरं कोटेशन बरोबर आहे, फक्त ते थोडं फुगवलंय.

डेटा नेमका किती?

दिवसाला वीसेक आरव्हीजी, म्हणजे दाताचे छोटे डिजिटल एक्स-रे, निघतात असं धरा. एका इमेजला हात सैल सोडून 3 एमबी लावले, तर दिवसाचे 60 एमबी होतात. वर्षाचे 300 दिवस काम म्हणजे 18 जीबी, पाच वर्षांत 90 जीबी. हे सगळं 500 जीबीच्या साध्या एसएसडीत मावून जागा उरते. एवढ्यासाठी टॉवर सर्व्हर कशाला? एक बऱ्यापैकी डेस्कटॉप इमेजसाठी राखून ठेवला तरी भागतं.

हाच हिशोब दुसऱ्या बाजूलाही लागतो. ‘क्लाउड स्लो पडेल’ असं सर्व्हर विकणारे हमखास सांगतात. 50 एमबीपीएस अपलोड असलेल्या लाइनवर दिवसभराच्या 60 एमबीला दहा सेकंद लागतात. वेगाचा प्रश्न इथे नाहीच.

इंट्राओरल स्कॅनर (तोंडात फिरवायचा) किंवा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) आला की गणित बदलतं, कारण सीबीसीटीची एकेक फाइल शेकडो एमबींची असते. पण नवं क्लिनिक पहिल्या वर्षी सीबीसीटी सहसा घेत नाही. पेशंटला इमेजिंग सेंटरला पाठवलं जातं आणि लिंक येते. ती फाइल तुमच्या मशीनवर उतरवून पेशंटच्या नावाने ठेवा, कारण लिंका कायम चालत नाहीत. आणि ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) व्हॉट्सअ‍ॅपवर मागवत असाल तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सेंटरला सांगून ठेवा. फोटो म्हणून आलेली इमेज दाबली जाते आणि मुळाच्या टोकाशी काय चाललंय ते नेमकं त्यातूनच निसटतं.

वीज जाते तेव्हा, नेट जातं तेव्हा

दोन्ही पर्यायांतला खरा फरक इथे दिसतो. पुण्यात गुरुवार म्हटलं की दुरुस्तीची कामं, पाणी तर बंद असतंच, कधी महावितरणचीही पाळी येते. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की फांद्या तारांवर पडतात. वीज गेल्यावर कंप्रेसर बंद आणि कंप्रेसर बंद म्हणजे हँडपीस बंद, त्यामुळे क्लाउड असो वा सर्व्हर, ड्रिलिंग थांबणारच. मग चालू काय राहायला हवं? समोर बसलेल्या पेशंटला त्याचा एक्स-रे दाखवता आला पाहिजे, पुढची तारीख देता आली पाहिजे, बिल करता आलं पाहिजे. यासाठी दोन कॉम्प्युटर, स्विच, राउटर आणि फायबरचा डबा मिळून साधारण 250 वॉट लागतात. 12 व्होल्टची 150 एएचची एक बॅटरी असलेला इन्व्हर्टर हे चार-पाच तास सहज ओढतो. कंप्रेसर आणि ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायचं मशीन) मात्र त्यावर चुकूनही लावू नका. इलेक्ट्रिशियनला सांगून त्यांची लाइन वेगळी काढून घ्या. इमारतीला जनरेटर आहे असं बिल्डर सांगेल, तेव्हा तो लिफ्ट आणि जिन्यापुरता आहे की गाळ्यापर्यंत येतो हेही विचारा.

गंमत अशी की सगळं क्लाउडवर ठेवणाऱ्या कोटेशनमध्ये इन्व्हर्टरची ओळच नसते. राउटर बंद पडला की त्यांचं क्लिनिकही बंद पडतं. सर्व्हरवाल्याच्या कोटेशनमध्ये यूपीएस असतो, पण तो सर्व्हरपुरता. फायबरच्या डब्याची आठवण कोणाला राहत नाही.

नेटचं म्हणाल तर पुण्यात फायबर तुटायला निमित्त लागत नाही. रस्ता खोदला, महापालिकेने लोंबत्या केबल कापल्या, शेजारच्या दुकानाचा फलक बसवताना कोणी ओढली. म्हणून क्लाउडवर जाणाऱ्याने दुसरी लाइन घ्यायलाच हवी. दोन कंपन्यांची फायबर एकाच खांबावरून येत असेल तर ती दुसरी लाइन नव्हे. त्यापेक्षा एक फायबर आणि एक 4जी किंवा 5जी सिमचा राउटर हे जोडपं बरं. दोन लाइन घेऊन एक पडताच दुसरीवर आपोआप जाणारा राउटर मिळतो, तो घ्या. मोठ्या कंपनीची लाइन की भागातल्या केबलवाल्याची? मुख्य लाइनसाठी मी केबलवाल्याला कमी लेखत नाही. तक्रार केल्यावर त्याचा माणूस त्याच दिवशी शिडी घेऊन येतो, मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरवरून नुसता तिकीट नंबर मिळतो. सकाळचे पेशंट बसलेले असताना या दोन्हींतला फरक चांगलाच कळतो.

स्वतःचा सर्व्हर असेल तर नेट नसतानाही क्लिनिक चालतं, हा त्याचा मोठा गुण. पण रात्री घरून उद्याच्या अपॉइंटमेंट बघायच्या तर? घरगुती प्लॅनवर स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचायचा इंटरनेटवरचा पत्ता) मिळेलच असं नसतं. मग कोणीतरी ‘रिमोट डेस्कटॉप चालू करून देतो’ म्हणतं आणि राउटरचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून मोकळं होतं. हे अजिबात करू देऊ नका. रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, अशीच उघडी दारं शोधत असतात. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे फक्त तुमच्यासाठी उघडणाऱ्या बंदिस्त मार्गाने, बघा.

सेन्सर, प्लेट आणि पाच मीटरची वायर

एक्स-रे कशावर घ्यायचा या निर्णयाचा नेटवर्कशी संबंध नाही असं वाटतं, पण आहे. आरव्हीजी सेन्सर यूएसबीवर चालतो आणि साध्या यूएसबी 2.0 वायरची मर्यादा 5 मीटर आहे. म्हणजे चेअरजवळ कॉम्प्युटर हवाच. रिसेप्शनच्या एका मशीनवर भागवू, हा क्लाउडवाल्यांचा बेत इथेच कोसळतो. शिवाय बऱ्याच सेन्सरना त्यांच्या सिरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल लागते. एकच सेन्सर दोन्ही चेअरला फिरवायचा असेल तर ड्रायव्हर आणि ती फाइल दोन्ही मशीनवर टाकून घ्या, तेही बसवणारा माणूस समोर असतानाच.

सेन्सरऐवजी फॉस्फर प्लेटचा स्कॅनर घेतला तर प्लेट पातळ आणि वाकणारी असते, लहान मुलांना आणि उमासे येणाऱ्यांना ती सोपी जाते, आणि खराब झाली तर एक प्लेट बदलली की झालं. पण प्रत्येक वेळी ती स्कॅनरपर्यंत न्यायची, उजेडापासून जपायची, ओरखडे पडू द्यायचे नाहीत. रूट कॅनाल जास्त करणार असाल तर सेन्सरच घ्या. फाइल (रूट कॅनालची बारीक सुई) दाताच्या कालव्यात ठेवून लांबी बघताना इमेज लगेच समोर आल्याचं सुख वेगळं. मुलांची प्रॅक्टिस असेल तर प्लेटचा विचार गांभीर्याने करा. सेन्सरची वायर दाताखाली आली की खर्च केवढा होतो, हे घेण्याआधीच विचारून ठेवा.

मशीन कोणतंही असो, एक्स-रेचं उपकरण एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मंजुरी असलेलं हवं आणि त्याची नोंदणी त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर करायची असते. ‘नोंदणी नंतर बघू’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

वायर की वाय-फाय

वायर. फार चर्चा करण्यासारखं यात काही नाही. पेठांतल्या जुन्या इमारतींच्या जाड भिंती 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल खातात, आणि एक्स-रेच्या जागेला नऊ इंची विटेची भिंत किंवा शिशाचा पत्रा असला की तिथेही तेच. प्रत्येक चेअरला दोन पॉइंट, रिसेप्शनला तीन, कन्सल्टिंगला एक, कॅमेऱ्यांचे वेगळे. सोळा पोर्टचा स्विच पुरतो, चोवीसचा रॅक नको. गिगाबिट मात्र हवा.

केबल कॅट-6 घ्या आणि शुद्ध तांब्याची घ्या. तपकीर गल्लीत कॅट-6 म्हणून जे अर्ध्या भावात मिळतं ते बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. डब्यावर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं. नखाने वायर खरवडली की आतून पांढरी निघते. ती केबल वर्षभर चालेलही, मग कधीतरी इमेज अर्धवट येऊ लागतात आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. दुसरी गोष्ट, चेअरखालच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी, हवा, ड्रेन आणि वीज एकत्र येतात. डेटाची पाइप तिथे वेगळी न्या, विजेच्या पाइपमध्ये कोंबू देऊ नका. हे सगळं टाइल्स आणि फॉल्स सीलिंगच्या आधी व्हायला हवं. इंटिरियरवाल्याच्या वेळापत्रकात नेटवर्कवाल्याला जागा मिळवून देणं हे तुमचं काम, कारण तो स्वतःहून देणार नाही.

वाय-फाय पेशंटसाठी ठेवाच, पण गेस्ट नेटवर्क म्हणून. वेटिंग रूममधल्या मुलाच्या मोबाइलला तुमचा इमेजचा कॉम्प्युटर दिसायचं कारण नाही. सीसीटीव्हीचा डबाही त्या वेगळ्या बाजूला टाका. आणि कॅमेरे ऑपरेटरीत, म्हणजे उपचाराच्या खोलीत, नकोत.

जबाबदारी कोणाची

‘आमच्याकडे डेटा सुरक्षित आहे’ असं क्लाउडवाला म्हणतो आणि ते खरंही असेल. पण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पेशंटच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर आहे. क्लाउड कंपनी तुमच्या वतीने काम करते. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. दोन चेअरच्या क्लिनिकला एवढा दंड कोणी लावणार नाही, पण सॉफ्टवेअर निवडताना मी दोन गोष्टी अडून विचारतो: प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळं लॉगिन आहे का, आणि कोणी काय उघडलं याची नोंद राहते का. एकच पासवर्ड डॉक्टर, असिस्टंट आणि रिसेप्शनिस्ट मिळून वापरतात, तो मॉनिटरला चिकटवलेलाही असतो. कामावरून गेलेल्या माणसाचं व्हॉट्सअ‍ॅप वेब तसंच चालू राहतं.

स्वतःचा सर्व्हर ठेवणाऱ्याची काळजी वेगळी. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा कितीतरी दिवस तिथलं कामकाज कागदावर चाललं. तिथे निदान माणसं होती. तुमच्याकडे आयटी विभाग म्हणजे एएमसीवाल्याचा फोन नंबर. म्हणून इमेजच्या मशीनचा बॅकअप दोन ठिकाणी हवा: एक आपोआप क्लाउडवर जाणारा, दुसरा आठवड्यातून एकदा जोडून पुन्हा काढून ठेवायच्या डिस्कवर. सतत जोडलेली डिस्क व्हायरस आला की मशीनसोबतच जाते. चोरीचा विचार करून डिस्क एन्क्रिप्ट करा. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर येतं, त्यामुळे होम घेऊन पैसे वाचवू नका. आणि स्वस्तातले जुने कॉम्प्युटर घेताना ते विंडोज 11 घेतात का बघा, विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

सोडून जाताना काय हातात येतं

भाड्याचं सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी स्वस्तच वाटतं. पाच वर्षांचं भाडं, एसएमएसचे पैसे, दर चेअरमागे वाढणारी रक्कम हे सगळं बेरजेत धरून दुसऱ्या कोटेशनशेजारी ठेवा. बहुतेक वेळा क्लाउड तरीही स्वस्त पडतो, कारण सर्व्हरवाल्याचं एएमसी आणि पाच वर्षांनी बदलायचं हार्डवेअर त्याच्या बेरजेत कोणी धरलेलं नसतं. माझी अडचण पैशांची नाही. सॉफ्टवेअर सोडायची वेळ आली तर पेशंटची यादी, उपचारांच्या नोंदी आणि इमेज कोणत्या रूपात मिळतील, हा प्रश्न आहे. यादी एक्सेलमध्ये मिळते. उपचारांचा इतिहास पीडीएफच्या ढिगात मिळतो, तो पुढच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. इमेज डायकॉममध्ये (वैद्यकीय इमेजच्या सर्वमान्य रूपात) निघाल्या पाहिजेत, पेशंटच्या नावासकट. डेमोच्या वेळी विक्रेत्याला गोड बोलून सांगा, ‘पाच खोटे पेशंट भरू, आणि आत्ताच सगळं बाहेर काढून दाखवा.’ जो टाळाटाळ करतो त्याला तिथेच नमस्कार.

मधला रस्ता पत्करला तर इमेज तुमच्या डेस्कटॉपवर असतात, तेवढं तरी ओलीस राहत नाही. दोन शाखा काढायचा विचार पक्का असेल, किंवा आठवड्यातून दोन दिवस येणारे ऑर्थोडॉन्टिस्ट घरून केस बघणार असतील, तर मात्र इमेजही क्लाउडवरच चांगल्या; त्या वेळी दुसऱ्या लाइनवर कंजुषी नको. आणि सहा-सात चेअर, स्वतःचा ओपीजी आणि सीबीसीटी असं सगळं एका छताखाली असेल, तर सर्व्हरचं कोटेशन देणाऱ्याला चहा पाजून नीट बसवून घ्या, तिथे तो बरोबर आहे.

काम संपल्याच्या दिवशी शेवटचा चेक देण्याआधी राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड, सॉफ्टवेअरचं मुख्य लॉगिन, डोमेन आणि ईमेल तुमच्या नावावर असल्याची खात्री, आणि कोणती केबल कोणत्या पॉइंटला जाते याचा नकाशा, एवढं हातात घ्या. केबलच्या दोन्ही टोकांना नंबरची चिठ्ठी नसेल तर ती समोर उभं राहून लावून घ्या.