एकेक ऑर्डर काढायची की चार एकदम? बेळगावच्या गोडाऊनसाठी पिकिंगची पद्धत निवडताना

गोडाऊनमधून ऑर्डरीचा माल काढायच्या, म्हणजे पिकिंगच्या, पद्धती मोजक्याच आहेत. एकेक ऑर्डर स्वतंत्र काढणं, अनेक ऑर्डरींचा माल एकदम काढून मागाहून वाटणं, ट्रॉलीवर चार-पाच ऑर्डरींची क्रेट घेऊन फिरणं, आणि गोडाऊनचे भाग पाडून ते माणसांना नेमून देणं. बहुतेक मालक "दिवसाला ऑर्डरी किती" एवढंच बघून यातली एक निवडतात. मला वाटतं, त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: एकच वस्तू दिवसात किती बिलांत येते, आणि गाडी किती वाजता सुटते.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतलं बेअरिंग, ऑइल सील, हायड्रॉलिक होज विकणारं गोडाऊन घ्या. वर्कशॉपचा माणूस काउंटरला उभा, बिलात दोन-तीनच वस्तू, आणि तिकडे मशीन बंद. इथे एक ऑर्डर, एक माणूस, एक फेरी हेच बरं. चालणं वाढतं हे खरं, पण इथे चालण्यापेक्षा चूक महाग पडते. ६२०५ आणि ६३०५ या दोन्ही बेअरिंगचं भोक २५ मिमीचं, त्यामुळे शाफ्टवर दोन्ही बसतात. पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ५२ मिमी आणि दुसऱ्याचा ६२, म्हणजे हाऊसिंगमध्ये, बेअरिंग बाहेरून ज्यात बसतं त्या खाचेत, त्यातलं एकच जाणार. शिवाय ६२०५ मध्येही दोन प्रकार: नंबरापुढे झेडझेड असलेल्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं आणि टूआरएस असलेल्याला रबराचं सील. खोकी मात्र दिसायला सारखी. असा माल दहा ऑर्डरींचा एकत्र आणून टेबलावर ठेवला, तर वाटायच्या घाईत खोक्यावरचा नंबर शेवटपर्यंत वाचला जात नाही. "पत्र्याचं देऊ का रबरी?" हा प्रश्न रॅकपाशीच सुटला पाहिजे. एक ऑर्डर एकाच्याच हातात असली की तो सुटतो.

आता बिस्किट, साबण, चहा, तेल असा माल दुकानांना पोचवणारा डिस्ट्रिब्युटर बघा. खानापूर लाईनची, म्हणजे त्या वाटेवरच्या दुकानांची, तीस बिलं असतील, तर त्यांतल्या वीसांत तेच साबण आणि तीच बिस्किटं. इथे एकेक ऑर्डर काढायची म्हणजे माणसं फुकट दमवणं. समजा गोडाऊनची एक पूर्ण फेरी १२० मीटरची आहे. तीस ऑर्डरी एकेक करून काढल्या तर ३,६०० मीटर चालणं होतं. ट्रॉलीवर पाच क्रेट ठेवून एका फेरीत पाच ऑर्डरी काढल्या तर सहा फेऱ्या, म्हणजे ७२० मीटर. हे अंतर दिवसभर फरशीवर उभी असणारी पोरं चालतात. संध्याकाळी होणाऱ्या कितीतरी चुका निव्वळ दमल्यामुळे होतात, म्हणून हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो.

मग तीसही ऑर्डरींचा माल एकाच फेरीत का काढू नये? चालणं सगळ्यात कमी होईल, यात वाद नाही. पण प्रत्येक बिलात पंधरा वस्तू धरल्या, तर खाली आणल्यावर बिलांतल्या ४५० ओळींचं वाटप करायचं राहतं. पायांचं काम कमी होतं आणि ते हातांवर येतं. त्यासाठी मोकळी जागा लागते, दुकानागणिक खण लागतात, आणि वाटणारा शांत डोक्याचा लागतो. शहापूर, वडगावच्या जुन्या घरांच्या तळमजल्यावरच्या गोडाऊनमध्ये एवढी जागा कुठून आणणार? अख्ख्या पेट्या जाणाऱ्या मालाला मात्र ही पद्धत उत्तम. पन्नास पेट्या साबण एकदम खाली आणायचा आणि गाडीपाशी पाच-पाच पेट्या वाटायच्या. सुट्ट्या मालासाठी माझं मत ट्रॉलीलाच, कारण वस्तू रॅकवरून थेट ज्याच्या-त्याच्या क्रेटमध्ये पडते आणि मागाहून वाटप उरत नाही.

ट्रॉलीची एक अट आहे. रॅकला पत्ता हवा. आपल्याकडच्या गोडाऊनमध्ये एकाची मायबोली मराठी, दुसऱ्याची कन्नड, तिसरा घरी उर्दू बोलणारा, आणि पिकलिस्ट, म्हणजे काढायच्या मालाची यादी, छापून येते इंग्रजीत. वस्तूच्या नावावर भिस्त ठेवली की नवा माणूस महिनाभर जुन्याला विचारत फिरतो. ओळ, खण, कप्पा असे आकडे द्या. ३-१२-२ म्हटलं की तिघांनाही कळतं. पिकलिस्टही त्याच क्रमाने छापली गेली पाहिजे, नाहीतर ट्रॉली त्याच ओळीत दोनदा शिरते.

झोन, म्हणजे माणसागणिक भाग, पाडायची पद्धत मी छोट्या गोडाऊनला सहसा सुचवत नाही. तीन माणसांत तीन भाग केले की एकाकडे रांग लागते आणि दुसरा रिकामा बसतो. मालाचा स्वभावच वेगळा असेल तर गोष्ट निराळी. चहा बाजूचा वास ओढून घेतो, त्यामुळे साबण-अगरबत्तीचा भाग तसाही दूर हवा. चिकोडी, निपाणीकडे शेती सेवा केंद्रांना माल पुरवणाऱ्यांनी तर कीटकनाशकं वेगळ्या जागी आणि ठरलेल्या माणसाच्या ताब्यात ठेवावीत. तिथे झोन सुरक्षेसाठी करावा, मग वेग थोडा कमी झाला तरी चालेल.

आता गाडीची वेळ. सगळ्या ऑर्डरी आल्या त्या क्रमाने काढत बसण्यापेक्षा गाडीप्रमाणे टप्पे पाडावेत, आणि हे वरच्या कुठल्याही पद्धतीवर बसवता येतं. गोव्याची गाडी चोर्ला घाटाने जाणार असेल, तर पावसाळ्यात तिचा टप्पा सकाळी सगळ्यात आधी. दरड आली, झाड पडलं की वाट अडते, तेव्हा हाताशी दिवस उरलेला बरा. चंदगड लाईनची गंमत वेगळी. शिनोळी अगदी हाकेच्या अंतरावर, पण ते महाराष्ट्रात, म्हणून बिल आयजीएसटीचं, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीच्या जीएसटीचं. माल ५०,००० रुपयांच्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाईन काढायचा कागद, लागतं आणि त्यात गाडीचा नंबर भरावा लागतो. हिंडलगा आणि शिनोळीची दुकानं एकाच रस्त्यावर असली तरी त्यांची क्रेट ट्रॉलीवर वेगळ्या रंगाची ठेवा. कर्नाटकाच्या बिलातली पेटी महाराष्ट्राच्या क्रेटमध्ये गेली, तर नुसता माल बदलून भागत नाही, कागदही दुरुस्त करावे लागतात.

निर्णय घ्यायच्या आधी मागच्या महिन्याची बिलं काढा. सगळ्यात जास्त खपणाऱ्या वीस वस्तू किती बिलांत आल्या ते मोजा. निम्म्याहून जास्त बिलांत त्याच असतील तर ट्रॉली घ्या, आणि त्या वीस वस्तू दाराजवळ, कमरेच्या उंचीच्या कप्प्यांत आणा. प्रत्येक बिल वेगळंच असेल तर एकेक ऑर्डरच चालू ठेवा आणि पैसे रॅकच्या पाट्यांवर, उजेडावर खर्च करा. बदल करायचा तर एकाच लाईनवर आठवडाभर करून बघा, चेकिंगला सापडलेल्या चुका रोज वहीत लिहून.

त्या आठवड्यासाठी खानापूर लाईन सोयीची. रस्ता सरळ, आणि दुकानांचा क्रम ठरलेला. टेम्पो आधी खानापुरात थांबतो आणि शेवटी लोंढ्याला, म्हणून लोंढ्याची क्रेट गाडीत आधी चढायला हवीत. तेव्हा ट्रॉलीची पहिली फेरीही लोंढ्याच्याच ऑर्डरींची लावा.